हमालाचे पार्सल आणि उंदरांची आठवण

एकोणिसाव्या शतकातली एक हकीकत लंडनचे डॉ. जॉन एलियटसन यांनी आपल्या पुस्तकात नोंदवली आहे. गोदामातला एक आयरिश हमाल दारूच्या नशेत किमती पार्सल कुठेतरी ठेवून आला. शुद्धीवर असताना त्याला काही केल्या आठवेना. पुन्हा प्यायला, तेव्हा ते घर आठवले! पार्सल तिथे सुखरूप होते.

ही नुसती गंमत, की आठवण खरोखर नशेशी बांधलेली असते? उत्तराची वाट प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवली.

१९३७ मध्ये अमेरिकेत गर्डन आणि कलर यांनी कुत्र्यांना कुरारे दिले. हे बाणांना लावायचे, स्नायू लुळे पाडणारे विष. घंटा आणि पाठोपाठ विजेचा धक्का, असे वारंवार केल्यावर नुसत्या घंटेनेही पायाचा स्नायू आकसू लागला. औषध उतरताच ही प्रतिक्रिया गेली. पुन्हा कुरारे देताच परतली.

१९६४ मध्ये डोनाल्ड ओव्हर्टन यांनी उंदरांना पेंटोबार्बिटल हे गुंगीचे औषध देऊन इंग्रजी 'टी' आकाराच्या वाटेत धक्का टाळायला कुठे वळायचे ते शिकवले. गुंगीत शिकलेले उंदीर शुद्धीत चुकले. औषधाने मेंदू मंदावतो एवढेच कारण असते, तर शुद्धीत त्यांना जास्त आठवायला हवे होते. पुन्हा औषध दिल्यावर ते बरोबर वळले. म्हणजे आठवण पुसली गेली नव्हती. तिच्यापर्यंत पोहोचता येत नव्हते. यालाच 'स्टेट-डिपेंडंट मेमरी', म्हणजे अवस्थेवर अवलंबून असलेली स्मृती म्हणतात.

१९६९ मध्ये डॉ. गुडविन यांनी ४८ वैद्यकीय विद्यार्थ्यांवर दारूचा असाच प्रयोग केला. माणसातही हा परिणाम दिसला. मात्र पाहिलेली चित्रे नुसती ओळखताना तो जाणवला नाही. समोर खूण असली की आठवण सापडते.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, विसरलेले आठवावे म्हणून पिऊ नका. अति प्यायल्यावर बरेचदा आठवण तयारच होत नाही. मग ती परत आणणार कुठून? दुसरी, नशेत किंवा झोपेच्या गोळीच्या अंमलाखाली असलेल्या माणसाला महत्त्वाच्या सूचना नुसत्या तोंडी देऊ नका. तो पूर्ण जागा झाल्यावर त्या पुन्हा सांगा आणि कागदावर लिहून द्या.