रोजनाम्यातल्या पाच ओळी

फौजदारी खटल्याच्या कागदांत आरोपी सगळ्यांत कमी वाचतो तो कागद म्हणजे रोजनामा. त्या दिवशी कोर्टात काय झालं याची ही नोंद घाईत लिहिलेली असते, अर्धी क्रियापदं गाळलेली. जामिनावर सुटलेल्या आरोपीची तारीख चुकली की तालुक्याच्या कुठल्याही कोर्टात साधारण पुढच्या धाटणीच्या पाच ओळी पडतात. नमुना म्हणून त्याच घेतो.

पुकारा केला. आरोपी गैरहजर.

पुकारा म्हणजे शिपायाने दारात येऊन नाव घेणं. त्या क्षणी आरोपी आवारातच झेरॉक्सच्या टपरीपुढे उभा असेल. रोजनाम्याला त्याचं सोयरसुतक नाही. मात्र शब्द बघा. ‘गैरहजर’ लिहिलंय, ‘फरार’ नाही. पहिल्या शब्दात फक्त घडलेलं सांगितलं आहे, दुसऱ्यात हेतूचा आरोप आहे, आणि या एका शब्दापासून त्या दुसऱ्यापर्यंत जायला कायद्याने बऱ्याच पायऱ्या ठेवल्या आहेत. उशिरा पोचलेल्याने घरी परतू नये. वकिलाला गाठून साहेब डायसवरून उठायच्या आत समोर उभं राहावं.

वकील हजर. माफीचा अर्ज नाही.

माझ्या मते पाचांतली हीच ओळ सर्वांत महागात पडते. वकील लावला की आपली हजेरी लागली, अशी पुष्कळांची समजूत असते. तसं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 355 नुसार (जुन्या संहितेत 317) आरोपीशिवाय, वकिलाच्या उपस्थितीत काम चालवता येतं. पण ते न्यायाधीशाला पटलं तर, आणि कारणं नोंदवून. म्हणून अर्ज लागतो, आणि अर्जात कारण लागतं. सलग तीन तारखांना ‘आरोपी आजारी’ लिहिलं आणि सोबत दवाखान्याचा साधा केसपेपरही जोडला नाही, तर चौथ्यांदा ते कोण मानेल? कोर्टाच्या बोलीत याला ‘हजेरी माफी’ म्हणतात. बोलीने इथे नेमका शब्द निवडलाय. ती मागावी लागते.

सबब, आरोपीविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट काढावे.

घरच्या मराठीत ‘सबब’ म्हणजे पुढे केलेलं कारण. कोर्टाच्या मराठीत ‘सबब’ म्हणजे ‘म्हणून’. आरोपीने पहिली दिली नाही, की कोर्टाची दुसरी येते.

इथे मात्र कोर्टालाही थोडं सुनावलं पाहिजे. इंदर मोहन गोस्वामी खटल्यात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की अजामीनपात्र वॉरंट सरसकट काढू नये. शक्यतो आधी समन्स किंवा जामीनपात्र वॉरंट पाहावं, कारण शेवटी प्रश्न माणसाच्या स्वातंत्र्याचा आहे. मुचलका लिहून देऊन न आलेल्याला अटक करून आणण्याचा अधिकार कोर्टाला आहेच (कलम 92). तरी पहिल्याच चुकीला अजामीनपात्र लिहिणारी लेखणी मला घाईची वाटते.

या वॉरंटाबद्दल एक भाबडी आशा पसरलेली आहे. पोलीस ‘आरोपी मिळून आला नाही’ असा शेरा मारून कागद परत पाठवतात, आणि आरोपी समजतो, टळलं. कलम 72 म्हणतं, वॉरंट काढणाऱ्या कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते अमलात राहतं. दोन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी पोलीस ठाण्यात गेलेल्या माणसाला तिथेच बसवून ठेवतात, ते यामुळे.

मुचलका जप्त. जामीनदारास नोटीस.

आरोपी या ओळीला फारसा भीत नाही. भितो तो त्याचा मावसभाऊ, ज्याने स्वतःच्या सातबाऱ्यावर सही केलेली असते. कलम 491 खाली त्याला विचारलं जातं: पंधरा-वीस हजार, जी काही रक्कम लिहून दिली ती भर, नाहीतर का भरू नये ते सांग. भरली नाही आणि वसूलही झाली नाही, तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग आहे. रकमेतला काही भाग कोर्ट माफ करू शकतं, पण त्यासाठी त्यालाही तारखेला यावं लागतं! चुकवली एकाने, खेटे दुसऱ्याला.

आरोपीसाठी आणखी एक भर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 269 प्रमाणे जामिनावर सुटून पुरेशा कारणाशिवाय हजर न राहणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. कारण पुरेसं होतं हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर. मूळ खटल्यातून तो निर्दोष सुटला, तरी हे प्रकरण आपोआप मिटत नाही.

पुढील तारीख : वॉरंट अहवालासाठी.

बिनमहत्त्वाची वाटणारी ही ओळ. पण ‘फरार’ हा शब्द इथून पुढेच येतो. वॉरंट टाळण्यासाठी आरोपी लपला अशी कोर्टाची खात्री झाली, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 84 खाली जाहीरनामा निघतो: किमान तीस दिवसांची मुदत, गावात जाहीर वाचन, घराच्या दर्शनी भागावर चिकटवलेला कागद. मग मालमत्तेची जप्ती. तरीही न आल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा आणखी एक गुन्हा. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या याच नागरिक सुरक्षा संहितेत, दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यातला घोषित फरारी असेल, तर ठरावीक वॉरंटं, नोटिसा आणि मुदती पाळून खटला त्याच्या पाठीमागे चालवून निकालही देता येतो (कलम 356).

तुमची किंवा घरातल्या कुणाची तारीख हुकली असेल, तर ती पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर क्रमांक टाकून केसची स्थिती पाहा, वकिलाबरोबर स्वतः जा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. कोर्ट कदाचित थोडी कॉस्ट लावेल. ती भरा आणि पावती जपून ठेवा.