३० ऑगस्ट : पॉवेलची झेप, अंजूचे पदक

१९९१. टोकियोतली जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा. दहा वर्षे लांब उडीत अपराजित असलेल्या कार्ल लुईसने ८.९१ मीटर गाठले. पण पाठीवरचा वारा मर्यादेबाहेर होता, त्यामुळे विक्रम हुकला. मग माइक पॉवेलची पाचवी उडी पडली, ८.९५ मीटर! बॉब बीमनचा १९६८ चा ८.९० मीटरचा विक्रम मोडला. लुईसने उरलेल्या दोन उड्यांत ८.८७ आणि ८.८४ मीटर मारून जिवाचे रान केले, तरी सुवर्ण पॉवेललाच मिळाले. तो विक्रम आजही अबाधित आहे.

आपल्याला मात्र ही तारीख अंजू बॉबी जॉर्जसाठी लक्षात राहायला हवी. २००३ मध्ये याच दिवशी पॅरिसमध्ये ६.७० मीटर उडीवर तिने कांस्य जिंकले. जागतिक अ‍ॅथलेटिक्समधले ते भारताचे पहिलेच पदक. दुसऱ्यासाठी नीरज चोप्रापर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत थांबावे लागले.