दगड झालेले अरण्य

इंदूरच्या मध्यभागी उभा असलेला होळकरांचा राजवाडा सात मजल्यांचा आहे. त्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे. या वाड्याला आजवर तीन वेळा आग लागली; शेवटची १९८४ साली. त्या आगीत लाकूडकामाची फार मोठी हानी झाली. लाकूड नाशवंत आणि दगड टिकाऊ, ही गोष्ट माणूस अशा प्रसंगांतून पुन्हा पुन्हा शिकत आला आहे. परंतु ज्या नर्मदेच्या काठी, महेश्वरला, अहिल्याबाईंनी आपली राजधानी नेली, त्याच नर्मदेच्या खोऱ्यातील अरण्यांत या अनुभवाला अपवाद ठरणारी एक वस्तू आढळते. दुरून पाहावे तो वठलेल्या झाडाचा ओंडका. जवळ जाऊन उचलू लागावे तो शिळेसारखा जड आणि हाताला थंड. सालीच्या रेषा, फांद्यांच्या गाठी, बुंध्यातील धागे, सारे झाडाचे. पदार्थ मात्र निखळ दगडाचा. ह्या अश्मवृक्षांचा शोध कसा लागला आणि तो कोणी लावला, याचा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे.

ज्या काळ्या पाषाणावर इंदूर वसले आहे त्या पाषाणापासूनच या कथेला आरंभ होतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस बाहेर पडून पसरला. माळवा, विदर्भ, खानदेश, सह्याद्री हा सारा प्रदेश त्याच्या थरांनी झाकून गेला. हे उद्रेक अखंड चालले नव्हते. एक थर निवाल्यावर दुसरा येईपर्यंत कधी कधी हजारो वर्षे जात. त्या अवधीत खळग्यांतून पाणी साचे, तळी होत, खडक झिजून माती तयार होई, आणि त्या मातीत अरण्ये उभी राहत. पुढे केव्हातरी नवा शिलारस येई आणि तळी, गाळ, अरण्य यांवर काळी शिळा लोटून देई. दोन काळ्या थरांच्या मध्ये चिमटीत धरल्यासारखे राहिलेले हे गाळाचे पट्टे भूशास्त्रज्ञांच्या परिभाषेत ‘इंटरट्रॅपियन’ थर म्हणून ओळखले जातात.

शिलारसाच्या धगीत झाड जळून कसे गेले नाही, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. जे उघड्यावर उभे होते ते जळालेच. पण जे आधीच कोसळून तळ्याच्या चिखलात रुतले होते, त्याला गाळाने व पाण्याने आच्छादन दिले. हवा न लागल्यामुळे ते लवकर कुजले नाही. भोवतालच्या खडकांतून झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेली होती. ती लाकडाच्या पेशीपेशीत शिरून घट्ट झाली. म्हणूनच अशा लाकडाचा पातळ काप घासून घासून काचेइतका पारदर्शक केला आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पेशींची रचना आज तोडलेल्या फांदीइतकी स्पष्ट दिसू शकते. झाडाचे कूळ ओळखण्याचा आधार हीच रचना होय.

इंदूरच्या परिसरात काळ्या पाषाणाचे थर जाड आहेत आणि त्यांमधील गाळाचे पट्टे तुरळक. नर्मदेच्या उगमाकडे जावे, तसतशी पठाराची पूर्वेकडील कड जवळ येते. जबलपूर, मंडला, छिंदवाडा आणि नागपूर या भागांत हे पट्टे वारंवार उघडे पडलेले दिसतात. त्यामुळे या शोधाची पहिली पावले त्याच बाजूला उमटली.

१८२८ साली जबलपूरला कॅप्टन विल्यम स्लीमन हा कंपनी सरकारचा अधिकारी होता. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून इतिहासात त्याचे नाव राहिले आहे. त्याला अश्मीभूत लाकूड गोळा करण्याची हौस होती. लाकूड शोधता शोधता जबलपूरजवळच्या बडा सिमला टेकडीवर त्याच्या हाती पडली ती हाडे. ती एका अवाढव्य सरपटणाऱ्या प्राण्याची होती. १८७७ साली रिचर्ड लायडेकर याने या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. आशिया खंडात डायनोसॉरची हाडे सापडली ती प्रथम येथे, आणि तीही लाकडाच्या शोधात. या हाडांचे पुढे काय झाले ते मात्र बोधप्रद आहे. ती कलकत्त्यास गेली आणि कालांतराने नजरेआड झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संग्रहात ती पुन्हा ओळखली गेली २०१२ साली. ओळखणारे होते धनंजय मोहबे आणि सुभाशिष सेन. जमिनीत कोट्यवधी वर्षे सुरक्षित राहिलेली वस्तू माणसाच्या कपाटात शतकभरात हरवू शकते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

स्लीमननंतर या क्षेत्रात ठसठशीतपणे पुढे येते ते नाव नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांचे. नागपूरला भोसल्यांची गादी अद्याप नांदत होती त्या काळात, १८४५ साली, हे स्कॉटिश धर्मोपदेशक तेथे आले. ते मराठी शिकले आणि गावोगाव हिंडले. धर्मप्रचाराच्या या हिंडण्यातच खडकांचा अभ्यास होत गेला. आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. नागपूरजवळच्या टाकळी येथील थरांतून त्यांनी अश्मीभूत फळे व बिया वेचून काढल्या होत्या. खोडांपेक्षा बिया वेचणे कठीण. कारण खोड वाटसरूच्या पायाला लागते, बी मात्र गुडघे टेकून शोधावे लागते. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून परतत असता पुराने फुगलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाले.

विसाव्या शतकात या विखुरलेल्या नोंदींना शास्त्राची शिस्त लावली ती लखनौचे बिरबल सहानी यांनी. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलाँ या खेड्याच्या शिवारात मिळणारे गारगोटीसारखे दगड त्यांच्या अभ्यासाचा विषय झाले. त्या दगडांत मुळे, पाने, फुले, फळे एकत्र रुतलेली होती. एका फळाचे नाते कोणत्याही परिचित वनस्पतीशी जुळेना, तेव्हा त्यांनी १९३४ मध्ये त्याला ‘एनिग्मोकार्पॉन’, म्हणजे कोड्यात टाकणारे फळ, असेच नाव दिले. नागपूरचे वि. ब. शुक्ल यांनी १९४४ साली तेथल्याच एका फुलाचे वर्णन केले. ते फूल आणि ते फळ एकाच वनस्पतीचे, असे पुढील अभ्यासातून दिसून आले. मेंदी आणि धायटी ज्या कुळातल्या, त्याच कुळात आज त्या वनस्पतीची गणना होते. कोडे घालणारा एक आणि सोडवणारे दुसरे, अशी ही विद्येची परंपरा आहे. मोहगावच्या वनस्पतींवर आरंभी काम करणारे भूशास्त्रज्ञ के. पी. रोडे यांचे नावही अशाच रीतीने राहिले. तेथील एका जलनेच्याला सहानींनी ‘रोडेआइट्स’ हे नाव दिले.

सहानींनी या वनस्पतींना आणखी एक प्रश्न विचारला. दख्खनचा काळा पाषाण नक्की कोणत्या युगातला, याविषयी विद्वानांत वाद होता. थरांमधील ताडवर्गीय वृक्ष आणि इतर वनस्पती यांच्या आधारे सहानींनी तो पूर्वीच्या समजुतीपेक्षा अलीकडचा, म्हणजे तृतीयक युगातील, ठरवला. पुढे किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून खडकांचे वय काढण्याची रीत आली, तेव्हा मुख्य उद्रेक दोन युगांच्या अगदी संधिकाळातले असल्याचे दिसले. मोजमाप अधिक सूक्ष्म झाले. परंतु पाषाणाचे वय फळाला आणि पानाला विचारण्याचे धैर्य सहानींचे होते. ३ एप्रिल १९४९ रोजी लखनौत त्यांच्या संस्थेची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसवली गेली. त्या कोनशिलेत सहानींनी देशोदेशीचे जीवाश्म जडवले होते. त्यानंतर अवघ्या एका आठवड्यात, १० एप्रिलला, त्यांचे निधन झाले.

मोहगावचा वारसा नागपूरच्या विज्ञान संस्थेत पुढे चालवणाऱ्यांत श्या चितळे यांचे नाव अग्रगण्य आहे. १९१८ साली जन्मलेल्या या विदुषीने १९५५ मध्ये इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. मोहगावच्या दगडांतील फुले व फळे यांवर त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. उतारवयात त्या अमेरिकेत गेल्या आणि १९८० साली क्लीव्हलंड येथील निसर्गेतिहास संग्रहालयात पुरावनस्पतिशास्त्राचा विभाग त्यांनी उभारला. २०१३ साली त्यांचे निधन झाले.

आतापर्यंतची कथा बहुतांशी दगडातल्या बारीक अवशेषांची झाली. अख्खे अरण्यच दगड होऊन पडलेले पाहायचे, तर नर्मदेच्या उगमाच्या दिशेने आणखी पुढे, घुघुआ या गावी जावे लागते. हे गाव पूर्वी मंडला जिल्ह्यात होते. आता ते दिंडोरी जिल्ह्यात येते. येथील अश्मवृक्ष शास्त्रज्ञांच्या दृष्टीस आणण्याचे श्रेय आहे धर्मेंद्र प्रसाद यांना. १९७० नंतरच्या दशकात ते मंडल्यास जिल्हा सांख्यिकी अधिकारी होते. आकडे जमवणे हे त्यांचे काम; पण आपल्या जिल्ह्याच्या पुराणवस्तूंविषयी त्यांना आस्था होती, आणि पडलेले दगड त्यांना निराळे दिसले. जबलपूरच्या विज्ञान महाविद्यालयाचे डॉ. इंगळे आणि लखनौच्या सहानी संस्थेचे डॉ. बांडे यांनी नंतर तेथील लाकडांचा पद्धतशीर अभ्यास केला. १९८३ साली या सुमारे २७ हेक्टर भूमीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

घुघुआच्या खोडांनी सांगितलेली हकीकत विलक्षण आहे. आज त्या प्रदेशात साल आणि इतर पानझडीचे वृक्ष आहेत. दगडातले वृक्ष मात्र बव्हंशी सदाहरित, दमट अरण्यातले. त्यांचे आजचे सोयरे पश्चिम घाटात, आसामकडे आणि मलायात भेटतात. ताडवर्गीय खोडे तर विपुल. काही लाकूड निलगिरीच्या वंशातले म्हणून वर्णिले गेले. निलगिरी हा ऑस्ट्रेलियाचा वृक्ष, आणि त्यावरून या दोन भूभागांच्या प्राचीन संबंधाची आठवण होते. त्या लाकडाच्या एका जातीला १९८६ साली शास्त्रज्ञांनी ‘युकॅलिप्टस धर्मेंद्री’ असे नाव देऊन त्या सांख्यिकी अधिकाऱ्याचे ऋण मान्य केले. मोहगावलाही असेच आश्चर्य मिळाले होते. तेथे नायपा या ताडाचे फळ सापडले. हा ताड आज सुंदरबनात आणि अंदमानात, खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढतो. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या छिंदवाड्याच्या शिवारात खाडीकाठचे झाड रुजले होते, याचा अर्थ समुद्राची एखादी भुजा तेव्हा तेथवर पोचली असली पाहिजे. हिंदुस्थानचा भूभाग त्या काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता आणि संथपणे उत्तरेकडे सरकत होता.

इंदूरच्या रहिवाशाने यासाठी पूर्वेकडेच पाहावे असे नाही. धारच्या पश्चिमेस ज्या वालुकाश्मात बाघची लेणी कोरलेली आहेत, तो निमाड वालुकाश्म काळ्या पाषाणाहूनही जुना. अलीराजपूरकडील उमराली गावाजवळ त्यात वनस्पतींचे जीवाश्म मिळाल्याची नोंद १९६३ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आली. बाघ-कुक्षीच्या टापूत इंदूरच्याच हौशी शोधकांनी २००७ साली डायनोसॉरची शंभराहून अधिक अंडी शोधली. २०११ मध्ये बाघजवळची सुमारे ९० हेक्टर जमीन जीवाश्म उद्यान म्हणून राखली गेली. धार जिल्ह्यातील पाडल्या गावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या काही गोल दगडांना ‘काकर भैरव’ म्हणून पूजत आले होते. ती डायनोसॉरची अंडी असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. शास्त्राने नाव देण्यापूर्वीच हे दगड सामान्य नव्हेत एवढे त्या शेतकऱ्यांनी ओळखले होते, आणि पूजेमुळे ते जागच्या जागी राहिलेही होते.

या सबंध इतिहासात एक गोष्ट ठळकपणे दिसते. शिपाई, धर्मोपदेशक, सांख्यिकी अधिकारी, गावचा शेतकरी: दगड प्रथम पाहणारे बहुधा त्या शास्त्राचे पंडित नव्हते. त्यांनी पाहिले, आणि जाणत्यांना कळवले. त्यांच्या कळवण्याला मोल आले ते ठिकाणामुळे. नायपाचे फळ मोहगावच्या थरात मिळाले म्हणून ते समुद्राची वार्ता सांगते. तेच फळ कोणाच्या दिवाणखान्यातील कपाटात नावनिशीवाचून पडले असते, तर तो केवळ एक सुबक खडा ठरला असता. घुघुआचे खोड तुकडे करून शोभेसाठी नेले, तर तुकडा हाती राहतो, अरण्य मात्र नाहीसे होते. म्हणून अरण्यात हिंडणाऱ्याने असा दगड दिसताच तो तेथेच राहू द्यावा. जागेची नोंद करावी, छायाचित्र घ्यावे आणि जवळच्या महाविद्यालयास किंवा वनखात्यास कळवावे. शिलारसाच्या आगीतून वाचलेल्या या अरण्याला आता भय उरले आहे ते माणसाच्या हाताचेच; आणि ते दूर करणेही त्याच हाताच्या स्वाधीन आहे.