सैनिकाची सुरी व तिचे म्यान

शस्त्रांच्या इतिहासात तलवारीला जो मान मिळाला तो सुरीला कधीच मिळाला नाही. तलवारीला नाव असते, कुळ असते, तिच्यावर पोवाडे होतात. भवानी तलवार म्हटले की मराठी माणसाचे मस्तक आपोआप लवते. सुरी बिचारी निनावी. ती कमरेला असते, चुलीपाशी असते, आणि काम संपले की तिला विसरून जाण्यात कोणालाच काही वाटत नाही. युद्धाच्या इतिहासातही हा भेद टिकून राहिला आहे. विमाने, रणगाडे व तोफा यांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. परंतु दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी सैनिकांनी रात्रंदिवस अंगावर वागविलेल्या साध्या कामाच्या सुरीकडे इतिहासकारांची दृष्टी क्वचितच वळली. तिचा सांभाळ केला तो हौशी संग्राहकांनी. त्यांचा हा छंद बाहेरून पाहणाऱ्यास विचित्र, प्रसंगी रानटीही वाटतो. पण त्याच्या पोटी एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे, आणि शस्त्रांत रस नसलेल्या वाचकानेही तो विचारात घेण्याजोगा आहे. जुनी वस्तू राखावयाची म्हणजे तिच्यातील नेमके काय राखावयाचे, हा तो प्रश्न होय.

उदाहरणादाखल अमेरिकेच्या मरीन दलाची सुरी घेऊ. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, अमेरिकन सैन्यासाठी जो खंदकी सुरा ठरविण्यात आला त्याची मूठ ब्राँझची असून तीत बोटे अडकविण्यासाठी कडी होती. ठोसा मारणे व भोसकणे या दोन कृत्यांपलीकडे त्याचा फारसा उपयोग नव्हता. पुढे दुसऱ्या महायुद्धात मरीन दलाच्या निवडक ‘रेडर’ पथकांस इंग्लंडातील फेअरबेर्न-साइक्स खंजिराच्या धर्तीवरचा एक सडपातळ खंजीर मिळाला. तो देखणा होता. पण त्याने डबा उघडावयास जावे तो टोक मोडावे, अशी गत झाली. १९४२ च्या ऑगस्टात ग्वाडलकनाल बेटावर लढाई जुंपली आणि पॅसिफिक महासागरातील झाडीत सैनिकाला शत्रूशी जितके झगडावे लागते त्याहून अधिक वेली, मुळे, खोकी, दोरखंड व डबे यांच्याशी झगडावे लागते, हे स्पष्ट झाले. कित्येकांनी तर पदरच्या पैशाने शिकारी सुऱ्या विकत घेऊन बरोबर नेल्या होत्या. दलाच्या अधिकाऱ्यांनी या अनुभवापासून योग्य तो बोध घेतला. न्यूयॉर्क राज्यातील ओलीअन गावी युनियन कटलरी नावाची कंपनी होती. तिच्या शिकारी सुरीचा नमुना पुढे ठेवून एक नवी सुरी ठरली. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी तिला मान्यता मिळाली, आणि १९४३ च्या जानेवारीत कॅमिलस या गावच्या, त्याच नावाच्या कारखान्यातून पहिल्या सुऱ्या बाहेर पडल्या. नौदलाने हीच सुरी ‘मार्क २’ या नावाने स्वीकारली. युनियन व कॅमिलस यांच्या जोडीला रॉबसन व पॅल हे कारखानेही हे काम करू लागले. एकट्या कॅमिलसने दहा लाखांहून अधिक सुऱ्या केल्या, यावरून या उद्योगाच्या विस्ताराची कल्पना येईल.

या सुरीची घडण पाहण्यासारखी आहे. पाते सात इंच लांब, कार्बनयुक्त पोलादाचे, चमकू नये म्हणून काळपट केलेले. टोकाकडे त्याची पाठ आत घासून घेतलेली, त्यामुळे टोक अणकुचीदार असूनही खंजिरासारखे नाजूक नाही. पात्याच्या अंगात एक उथळ पन्हळ आणि मुठीपाशी आडवी लोखंडी पट्टी. मूठ मात्र लाकडाची नव्हे की धातूची नव्हे, ती चामड्याची. पात्याच्या मागल्या दांडीवर कातड्याच्या गोल चकत्या एकीवर एक ओवावयाच्या, त्या दाबून घट्ट करावयाच्या, वर धातूचे टोपण बसवावयाचे, आणि मग सबंध मूठ घासून तीत पकडीसाठी खाचा पाडावयाच्या. घामेजलेल्या हातातून अशी मूठ सहसा निसटत नाही. मुठीच्या टोपणाने तंबूचे खुंट ठोकता येत, पात्याने खोकी उचकटता येत. पुढे मात्र पुष्कळ सुऱ्यांची टोके याच कामी आली!

युनियन कंपनीच्या सुरीवर ‘के-बार’ असा छाप असे. रानात राहणाऱ्या कोणा पारध्याने या सुरीने अस्वल मारल्याचे पत्र कंपनीस धाडले आणि त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरांतून तेवढीच अक्षरे वाचता आली, अशी त्या नावाची जन्मकथा कंपनी सांगत आली आहे. कथा खरी असो वा नसो, मरीन सैनिकांनी मात्र सुरी कोणत्याही कारखान्याची असली तरी तिला ‘के-बार’च म्हटले. लोकांच्या कल्पनेला हत्यार नेहमी रक्ताळलेलेच लागते, याचे हे एक उदाहरण. दुसरे आपल्या अधिक परिचयाचे आहे. गुरख्यांची कुकरी एकदा म्यानाबाहेर निघाली की रक्त चाखल्यावाचून परत जात नाही, असे आपण लहानपणापासून ऐकतो. ही निव्वळ दंतकथा होय. कुकरी हे नेपाळी शेतकऱ्याचे लाकूड तोडण्याचे, झुडपे छाटण्याचे, मांस कापण्याचे नित्याचे अवजार आहे. ते दररोज रक्त मागू लागते तर त्याचा संसार कसा चालला असता? तिचे म्यान लाकडाच्या दोन फळ्यांवर कातडे मढवून केलेले असते आणि त्यातच कर्दा नावाची लहान सुरी व धार नीट करण्याची चकमक खोवलेली असते. म्यान पाहिले की हत्याराचे खरे आयुष्य कळते, ते असे.

मरीनांच्या सुरीचे म्यानही असेच बोलके आहे. तपकिरी जाड कातडे दुमडून कडेने शिवण घातलेली. शिवण एकटीने पात्याची धार सोसणार नाही म्हणून जागोजागी धातूचे रिव्हेट अथवा टाचण. वर कमरपट्टा ओवण्याची पट्टी आणि मूठ अडकविण्यासाठी बटनाचा बंद. परंतु उष्ण कटिबंधातील बेटांवर कातडे म्हणजे बुरशीचे माहेरघर. पावसाने ते भिजे, फुगे, कुजे आणि त्याची शिवण उसवे. नौदलाने म्हणून आपल्या पुष्कळ सुऱ्यांना करड्या रंगाचे कृत्रिम म्यान दिले. पायदळाची कहाणीही तीच. १९४३ च्या मार्चात पायदळाने ‘एम ३’ नावाची आपली निराळी सुरी ठरविली. १९४४ पर्यंत तिच्या पंचवीस लाखांहून अधिक प्रती निघाल्या. तिला प्रथम ‘एम ६’ हे कातडी म्यान मिळाले. त्याच्या टोकास धातूच्या पट्ट्या लावीत; नाहीतर तीक्ष्ण टोक कातडे भेदून सैनिकाच्याच मांडीत शिरावयाचे. लवकरच राळेत मुरविलेल्या जाड कापडाचे ‘एम ८’ म्यान आले आणि कातड्याचे दिवस भरले. टिकाऊपणाच्या दृष्टीने हा पालट योग्यच होता. पण कृत्रिम म्यानावर माणसाची खूण उमटत नाही; कातड्यावर उमटते.

संग्राहकाचे काम सुरू होते ते येथे. सामान्य माणसाला दोन सुऱ्या सारख्याच दिसतील. जाणत्याला दिसत नाहीत. कारखान्याचा ठसा पात्याच्या मुळाशी आहे की आडव्या पट्टीवर, हे तो प्रथम पाहतो. कारण ‘एम ३’ सुरीवर आरंभी पात्यावरच नाव व १९४३ हे साल उमटवीत, आणि त्यामुळे पाते दुबळे होते असे दिसून आल्यावर तो ठसा पट्टीवर नेला. मुठीचे टोपण ठोकून बसविले आहे की आरपार खिळ्याने, चकत्या सुकून सैल झाल्या आहेत काय, धार मूळची की वारंवार दगडावर लावलेली, हे सारे तो वाचतो. मग तो म्यान हाती घेतो. पट्टीची कड जेथे वर्षानुवर्षे टेकली तेथे कातड्यात खळगा पडलेला असतो. बंदाची बाजू मुठीच्या घर्षणाने गुळगुळीत झालेली असते. खुणा जुळल्या तर सुरी व म्यान एका संसारातली; न जुळल्या तर कोणा विक्रेत्याने दोन अनोळखी वस्तूंचे लग्न लावून दिले आहे असे समजावे. आणि कधी कधी म्यानाच्या पाठीवर खिळ्याने कोरलेले नाव, आद्याक्षरे, सैनिकी क्रमांक अथवा एखाद्या बेटाचे नाव आढळते. लाखो एकसारख्या वस्तूंपैकी ही एक वस्तू तेवढ्याने एका माणसाची होते.

आता वर सांगितलेल्या प्रश्नाकडे वळू. बाजारात सर्वांत अधिक किंमत कोणत्या सुरीला येते? जी कधी वापरलीच गेली नाही तिला. कारखान्याच्या खोक्यातून निघालेली, पात्याचा काळा लेप शाबूत असलेली, म्यानावर ओरखडाही नसलेली सुरी संग्राहक चढाओढीने घेतात. कारागिरीचा मूळ नमुना म्हणून तिचे महत्त्व आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु युद्धाविषयी ती काय सांगणार? ती युद्धाला गेलीच नव्हती. उलट झिजलेली, टोक मोडलेली, नाव कोरलेली सुरी स्वस्तात जाते. आणि तिला भाव यावा म्हणून कोणी ती घासतो, तिच्यावर नवा लेप देतो, म्यानाला तेल चोपडतो. तेलाने कातडे काळवंडते, मऊ पडते, शिवणीचा दोरा कुजतो. कोरलेले नाव पुसट होत जाते. म्हणजे जिने युद्ध पाहिले तिची साक्ष आपण पुसावयाची, आणि जिने पाहिले नाही तिला सिंहासनावर बसवावयाचे! किंमत व मोल यांची फारकत याहून स्पष्ट कोठे पाहावयास मिळेल?

याहूनही कठीण पेच निसर्गाने घातला आहे. म्यान हे सुरीच्या रक्षणासाठी. पण दीर्घ काळ लोटला की तेच तिचा घात करते. कातडे हवेतील ओल धरून ठेवते, आणि ते कमावताना वापरलेली आम्ले व क्षार त्यात मुरलेले असतात. पोलादाला त्यांच्या संगतीने गंज चढतो. कातड्यातील स्निग्धांश पितळी रिव्हेटांशी मिळून हिरवा जंगाल धरतो आणि तो पुन्हा कातड्यालाच खातो. म्हणून सुरी म्यानात ठेवून संग्रह करू नये, असे या विषयातले जाणते सांगतात. पण दोहोंना अलग केले की एक पिढी उलटताच कोणते म्यान कोणत्या सुरीचे हे विस्मरणात जाते, आणि जी एकवाक्यता हाच त्यांचा खरा इतिहास ती नाहीशी होते. एकत्र ठेवावे तर लोखंड मरते, वेगळे ठेवावे तर स्मृती मरते.

यावर उपाय आहे, आणि तो साधा असला तरी चिकाटीचा आहे. सुरी म्यानाबाहेर, पण शेजारीच ठेवावी. म्यानाचा आकार बिघडू नये म्हणून त्यात जाड कागदाचे खोटे पाते घालावे. दोहोंना एकच क्रमांक द्यावा. आणि वस्तू कोणाकडून, केव्हा, कोणत्या हकीकतीसह मिळाली ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. गंज वाढू नये इतकीच निगा राखावी. तो जणू कधी नव्हताच असे भासवू नये. आपल्याकडे जुने दप्तर धुंडाळणारा संशोधक वाळवीने खाल्लेल्या कागदावर गाळलेली अक्षरे आपल्या हाताने भरीत नाही. जागा मोकळी सोडतो. शस्त्राच्या संग्राहकाचा धर्मही तोच असला पाहिजे.

हिंसेच्या साधनांचा संग्रह करणे सुसंस्कृतपणाला शोभते काय, असा आक्षेप कोणी घेतील. संग्रह करणारा जर पात्यावर रक्ताचे डागच शोधीत असेल, तर तो आक्षेप रास्त आहे. परंतु झिजलेल्या सुरीकडे नीट पाहिले तर तीत पराक्रमापेक्षा मजुरीच अधिक दिसते: डबे, दोरखंड, ओली लाकडे, पाऊस आणि घरापासून हजारो कोस दूर असलेल्या तरुणांचे कंटाळवाणे, भयग्रस्त दिवस. कॅमिलसचा तो कारखाना २००७ साली बंद पडला. ज्या हातांनी त्या सुऱ्या घडविल्या ते आता राहिले नाहीत, आणि ज्यांनी त्या वागविल्या त्यांच्यापैकी फारच थोडे उरले आहेत. त्यांच्यातील बहुतेकांनी आठवणी लिहिल्या नाहीत. त्यांचा मजकूर जो काही आहे तो कातड्याच्या सुरकुत्यांत आणि झिजलेल्या धारेत. तो जसा आहे तसा पुढच्या पिढीच्या हाती देणे, एवढेच आपले काम.