कोडिंग दा व्हिंची

कोडिंग दा व्हिंची : सांस्कृतिक वारशाच्या खुल्या डेटावर आधारलेली जर्मनीतील हॅकेथॉन-मालिका. २०१४ मध्ये बर्लिनला सुरू झालेली ही मालिका २०२२ पर्यंत जर्मनीच्या निरनिराळ्या प्रदेशांत भरत राहिली. संग्रहालये, ग्रंथालये व अभिलेखागारे यांनी आपल्या संग्रहांचा डेटा मुक्त परवान्याखाली खुला करायचा आणि प्रोग्रामर, डिझायनर, विद्यार्थी, कलावंत व इतिहासप्रेमी यांनी गट करून त्यातून ॲप, संकेतस्थळे, नकाशे, खेळ किंवा यंत्रे उभी करायची, असे तिचे स्वरूप होते. स्पर्धेतील ॲप लोकांच्या लक्षात राहिली. मात्र संस्थांच्या बंद नोंदी कायमच्या खुल्या करून घेणे हे या मालिकेचे अधिक मोलाचे काम होय.

पार्श्वभूमी : ठराविक मुदतीत एकत्र बसून संगणकीय काम पुरे करण्याची हॅकेथॉन ही पद्धत सॉफ्टवेअरच्या जगातली. ओपनबीएसडी या संगणक प्रणालीच्या विकसकांनी १९९९ मध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे घेतलेली बैठक हे तिचे एक आरंभीचे उदाहरण मानले जाते. वारसा-संस्थांकडे ही पद्धत पुढील दशकाअखेर वळली. युरोपियाना या युरोपीय सांस्कृतिक पोर्टलने २०११ मध्ये ‘हॅक फॉर युरोप’ या नावाने बार्सिलोना, पोझनान, लंडन व स्टॉकहोम येथे हॅकेथॉन घेतली. त्याच सुमारास नेदर्लंड्समध्ये सांस्कृतिक डेटा खुला करण्याची ‘ओपन कल्टूर डेटा’ ही चळवळ सुरू झाली.

जर्मनीत डिजिटलीकरण बऱ्यापैकी पुढे गेले होते. परंतु त्याचा अर्थ बहुधा ‘पडद्यावर पाहता येते’ एवढाच होता. चित्र दिसे, पण ते उतरवून घेण्याची, बदलण्याची, दुसऱ्या चित्राशी जोडण्याची मुभा नसे. सूचीतील नोंदी एकेक करून वाचता येत, संपूर्ण सूची मात्र हाती लागत नसे. संगणकीय पद्धतींना नेमकी संपूर्ण सूचीच लागते. २०१३ मध्ये युरोपीय संघाने सार्वजनिक माहितीच्या पुनर्वापराविषयीचा निर्देश दुरुस्त करून ग्रंथालये, संग्रहालये व अभिलेखागारे त्याच्या कक्षेत आणली, त्यामुळे या विषयाला धोरणात्मक बळ मिळाले.

स्थापना व विस्तार : डॉइचे डिगिटाले बिब्लिओथेक हे जर्मनीचे राष्ट्रीय सांस्कृतिक पोर्टल, विकिपीडियाशी संबंधित विकिमीडिया डॉइचलांट, ओपन नॉलेज फाउंडेशन डॉइचलांट आणि बर्लिन राज्यातील डिजिटलीकरणाला साहाय्य करणारे ‘डिगिस’ हे केंद्र या चार संस्थांनी मिळून ही मालिका सुरू केली. पहिली स्पर्धा एप्रिल ते जुलै २०१४ दरम्यान बर्लिनमध्ये झाली. तिच्यात १६ संस्थांनी डेटा दिला आणि १७ प्रकल्प उभे राहिले. २०१५ मध्ये ती पुन्हा बर्लिनला भरली. २०१६ मध्ये हॅम्बुर्ग येथे उत्तर जर्मनीची आवृत्ती झाली, २०१७ मध्ये पुन्हा बर्लिन आणि २०१८ मध्ये लाइपझिग व ऱ्हाइन-माइन परिसर असा तिचा प्रवास झाला. पुढे दक्षिण जर्मनी, वेस्टफालिया व रूर, लोअर सॅक्सनी, श्लेस्विग-होल्श्टाइन अशा प्रदेशांत ती पोहोचली. झारलांट, लोरेन व लक्झेंबर्ग यांनी मिळून घेतलेली आवृत्ती तर देशांच्या सीमा ओलांडणारी होती. २०१९ ते २०२२ या काळात जर्मनीच्या संघीय सांस्कृतिक प्रतिष्ठानाचे अर्थसाहाय्य मालिकेला लाभले. त्यातून प्रादेशिक आवृत्त्या झाल्याच, शिवाय निवडक प्रकल्पांना पुढील कामासाठी विद्यावेतनेही देण्यात आली.

मालिका प्रदेशोप्रदेशी नेण्याचा मोठा फायदा छोट्या संस्थांना झाला. ज्या गावच्या संग्रहालयात संगणकतज्ज्ञ नाही, त्याला परवाना कोणता निवडावा, नोंदींची फाइल कशी काढावी, याचे मार्गदर्शन आयोजकांकडून मिळे. स्पर्धेच्या कितीतरी आधी सुरू होणारी ही तयारी हा मालिकेचा कमी दिसणारा, पण सर्वांत कष्टाचा भाग होता.

कार्यपद्धती : नेहमीचे हॅकेथॉन २४ किंवा ४८ तासांत उरकते. कोडिंग दा व्हिंचीने ही चौकट मोडली. सुरुवातीच्या शनिवार-रविवारी सर्वजण एकत्र जमत. प्रत्येक संस्थेचा प्रतिनिधी व्यासपीठावर येऊन आपल्या डेटासंचाची थोडक्यात ओळख करून देई. मग इच्छुक आपापल्या कल्पना मांडत आणि त्यांभोवती गट जुळत. त्यानंतर कित्येक आठवडे गट आपापल्या ठिकाणी काम करीत. पहिल्या आवृत्तीत ही मुदत सुमारे दहा आठवड्यांची होती. शेवटी जाहीर सादरीकरण व बक्षीस समारंभ होई. तांत्रिक कौशल्य, उपयुक्तता, रचना, गमतीदारपणा अशा वेगवेगळ्या अंगांसाठी बक्षिसे असल्यामुळे केवळ सफाईदार प्रोग्रामिंगला झुकते माप मिळत नसे.

मुदत लांबवण्याचे कारण व्यावहारिक होते. सांस्कृतिक डेटा समजून घ्यायला वेळ लागतो. चित्रावर कोणाचा शिक्का आहे, नोंदीत एखादा रकाना रिकामा का आहे, हे त्या संग्रहाचा अभिरक्षकच सांगू शकतो. गट आणि अभिरक्षक यांच्यात आठवडेच्या आठवडे चालणारी ही विचारपूस या पद्धतीत गृहीत धरलेली होती.

डेटा व संगणकीय तंत्रे : संस्थांनी दिलेल्या सामग्रीत चित्रे, नकाशे, ध्वनिमुद्रणे, हस्तलिखितांच्या प्रतिमा आणि सूचीतील वर्णनात्मक नोंदी असत. नोंदी कधी साध्या तक्त्याच्या रूपात, तर कधी संग्रहालयांत रूढ असलेल्या ‘लिडो’सारख्या एक्सएमएल स्वरूपात मिळत. कामाचा पहिला मोठा हिस्सा साफसफाईचा असे. एकाच रकान्यात ‘१८८०’, ‘सुमारे १८८०’, ‘१९१४ पूर्वी’ आणि ‘एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध’ अशा नोंदी एकाखाली एक आढळतात. माणसाला त्या सहज कळतात. संगणकाला त्या कालरेषेवर बसवायच्या तर प्रत्येकीचे ‘पासून–पर्यंत’ अशा दोन वर्षांत रूपांतर करावे लागते आणि ते करताना ‘सुमारे’ म्हणजे किती वर्षे, हे कोणाला तरी ठरवावे लागते. स्थळांचेही तसेच. जुन्या जर्मन नोंदींतील ब्रेस्लाउ म्हणजे आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ आणि कोनिग्सबर्ग म्हणजे रशियातील कालिनिनग्राद. नकाशावर बिंदू उमटवण्याआधी ही जुळणी पुरी व्हावी लागते.

व्यक्तींच्या बाबतीत जर्मन ग्रंथालयांची सामाईक प्रमाणनोंद-फाइल आणि २०१२ मध्ये सुरू झालेला विकिडेटा हा मुक्त ज्ञानसंच यांचे क्रमांक उपयोगी पडतात. एकाच नावाच्या दोन माणसांना वेगळे ठेवणे व एकाच माणसाची चार नावे एकत्र आणणे या क्रमांकांमुळे शक्य होते. याखेरीज छापील मजकुराची अक्षर-ओळख, भौगोलिक संदर्भीकरण, व्यक्ती व संस्था यांच्या संबंधांचे जाळे रेखाटणे, सारख्या दिसणाऱ्या प्रतिमांचे गट पाडणे, संवर्धित वास्तव ही तंत्रे कमी-अधिक प्रमाणात वापरली गेली.

निवडक प्रकल्प : पहिल्या आवृत्तीतील सर्वांत गाजलेला प्रकल्प म्हणजे ‘त्स्विचरवेकर’, म्हणजे पक्ष्यांच्या किलबिलीचे गजराचे घड्याळ. बर्लिनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात १९५१ मध्ये ग्युंटर टेम्ब्रॉक यांनी सुरू केलेले प्राणिध्वनींचे अभिलेखागार आहे. त्यात सुमारे १,२०,००० मुद्रणे आहेत. या अभिलेखागारातील पक्ष्यांचे आवाज गजर म्हणून वापरले गेले. सकाळी फोनमधून शीळ ऐकू येई आणि ती बंद करण्यासाठी आवाज कोणत्या पक्ष्याचा हे ओळखावे लागे. चुकले की झोपणाऱ्याची सुटका नसे. संशोधकांपुरता असलेला ध्वनिसंग्रह अशा रीतीने घरोघरी ऐकू जाण्याजोगा झाला.

त्याच आवृत्तीतील ‘आल्ट-बर्लिन’ने शहराच्या नगरसंग्रहालयातील जुनी चित्रे आजच्या नकाशावर बसवली. ‘एथ्नोबँड’मध्ये मानववंशशास्त्र संग्रहालयातील वाद्ये आभासी वाद्यवृंदात वाजवता आली. नाझी राजवटीने बंदी घातलेल्या पुस्तकांच्या व लेखकांच्या यादीवरही काम झाले. ‘जाळलेले आणि बहिष्कृत’ अशा अर्थाचे नाव असलेल्या संकेतस्थळावर ती यादी शोधता येण्याजोगी करण्यात आली. २०१७ च्या ‘माउएआर’ या ॲपमध्ये फोन रस्त्याकडे धरला की पाडलेली बर्लिनची भिंत तिच्या मूळ जागी उभी असलेली दिसे.

त्याच आवृत्तीतील ‘मार्बल्स ऑफ रिमेम्ब्रन्स’ हा टेलिग्रामवर चालणारा संवादक (चॅटबॉट) सर्वाधिक गंभीर प्रकल्पांपैकी होय. बाड आरोल्झेन येथील नाझी छळाविषयीच्या अभिलेखागारात ज्यू शाळकरी मुलांची कार्डे जपलेली आहेत. बर्लिनच्या पदपथांवर बळींच्या अखेरच्या निवासस्थानासमोर ‘श्टोल्परश्टाइन’ या नावाच्या सुमारे दहा सेंटिमीटरच्या पितळी स्मरणफरशा बसवलेल्या आहेत. गुंटर डेम्निग या कलावंताने १९९२ मध्ये हा उपक्रम सुरू केला. कार्डे व फरशा यांची सांगड घालून हा संवादक वापरणाऱ्याला त्याच्या जवळपास राहिलेल्या मुलांची ओळख करून देई आणि त्यांच्या आयुष्यातील ठिकाणांवरून फिरवून आणी.

परवान्यांचा प्रश्न : सहभागी संस्थांपुढे एकच अट ठाम होती. डेटा मुक्त परवान्याखालीच द्यायचा. व्यापारी वापरास किंवा फेरफारास मनाई करणारे परवाने चालत नसत. क्रिएटिव्ह कॉमन्सचे श्रेयनिर्देशाचे परवाने किंवा सर्व हक्क सोडणारे ‘सीसी झीरो’ हे पर्याय स्वीकारले जात. गटांनीही आपला कोड मुक्त ठेवणे अपेक्षित होते.

ही अट जर्मनीत सोपी नव्हती. तेथील कायदा साध्या छायाचित्रालाही ५० वर्षांचे संरक्षण देतो. त्यामुळे चित्रकार जाऊन शतके लोटली तरी त्याच्या चित्राच्या छायाचित्रावर संग्रहालय हक्क सांगू शके. मानहाइम येथील राइस-एंगेलहॉर्न संग्रहालयाने याच मुद्द्यावर विकिमीडियाविरुद्ध दावे लावले आणि डिसेंबर २०१८ मध्ये संघीय सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने छायाचित्रांचे संरक्षण मान्य केले. युरोपीय संघाच्या २०१९ च्या कॉपीराइट निर्देशाने चित्र पालटले. मुदत संपलेल्या दृश्यकलाकृतींच्या हुबेहूब प्रतिकृतींवर नवे हक्क निर्माण होणार नाहीत, असे त्यात ठरले व जर्मनीने ते जून २०२१ पासून लागू केले. कोडिंग दा व्हिंचीतील संस्थांनी त्याआधीच, कायद्याची सक्ती नसताना, हे पाऊल उचलले होते.

इतरत्र : स्वित्झर्लंडमध्ये फेब्रुवारी २०१५ मध्ये बर्न येथील राष्ट्रीय ग्रंथालयात पहिले खुल्या सांस्कृतिक डेटाचे हॅकेथॉन झाले. ‘ग्लॅमहॅक’ या नावाने ते पुढेही भरत राहिले. टोरांटो येथे मार्च २०१६ मध्ये ‘आर्काइव्ह्ज अनलीश्ड’ या डेटाथॉन-मालिकेचा आरंभ झाला. तिचा भर जतन केलेल्या जुन्या संकेतस्थळांवर होता आणि सहभागी प्रामुख्याने इतिहासकार, ग्रंथपाल व संगणकशास्त्रज्ञ होते. तेथे ॲप बनवण्यापेक्षा संशोधनाचा प्रश्न मांडून मोठ्या संचातून त्याचे उत्तर काढण्याला महत्त्व होते.

मूल्यमापन : या उपक्रमावरील पहिला आक्षेप टिकाऊपणाचा. समारंभ आटोपला, गट पांगला, फोनची कार्यप्रणाली बदलली की ॲप बंद पडते. देखभालीला पैसा व माणूस दोन्ही लागतात. विद्यावेतनांनी हा प्रश्न सौम्य केला, सोडवला नाही. दुसरा आक्षेप बिनमोबदला श्रमांचा : संस्थेला फुकटात प्रसिद्धी व नमुना मिळतो, गटाला बक्षीस मिळेलच असे नाही. तिसरा सर्वांत खोल आहे. वसाहतकाळात गोळा केलेल्या वस्तू, मानवी अवशेष, पवित्र मानलेल्या गोष्टींची मुद्रणे यांवर हक्क कोणाचा, हे मुक्त परवाना ठरवू शकत नाही. कॉपीराइट नसले म्हणून संबंधित समाजाची संमती मिळाली असे होत नाही. मूलनिवासी समाजांच्या डेटाविषयी २०१९ मध्ये मांडलेली ‘केअर’ तत्त्वे याच उणिवेवर बोट ठेवतात. हॅकेथॉनची घाई आणि संबंधित समाजाशी करावी लागणारी विचारपूस यांचा मेळ बसणे अवघड असते.

एवढे असूनही पारडे मालिकेच्या बाजूने झुकते. नमुना बंद पडला तरी त्यासाठी साफ केलेला, वर्णन केलेला व खुला केलेला डेटा दुसऱ्याला वापरता येतो. शिवाय क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने मागे घेता येत नाहीत. २०१४ मध्ये ज्या संस्थेने आपला संग्रह या परवान्याखाली दिला, तिने पुढे धोरण बदलले तरी आधी घेतलेल्या प्रतींवरचा लोकांचा अधिकार अबाधित राहतो.