वाडीसमोर जहाजाचा माल लागला, तर तो कोणाचा?

समजा, उद्या वरोरला एखाद्याच्या वाडीसमोर कंटेनर वाहून आला. शेजारीच वाढवण बंदर होतंय, त्यामुळे ही कल्पना अगदीच हवेतली नाही. ‘ज्याच्या जागेसमोर लागला, त्याचा’ असं गावात कोणीतरी म्हणणारच.

इंग्लंडमध्ये हे काही ठिकाणी खरं होतं. राजाने तिथल्या किनाऱ्यावरच्या अनेक जमीनदारांना असा हक्क सनदेने दिला होता. १२७५ च्या कायद्याने त्याला अट घातली. जहाजावरून माणूस, कुत्रा किंवा मांजर जरी जिवंत सुटलं, तरी माल बेवारस धरायचा नाही. मालकाला एक वर्ष आणि एक दिवस मुदत.

कोकणात हा हक्क जमीनदार नव्हे, राज्यकर्ते सांगत. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन इंग्रजांचा वकील म्हणून रायगडावर होता. फुटलेली इंग्रज जहाजं आणि त्यांवरचा माल परत मिळावा, अशी त्याची मागणी होती. महाराजांनी हरकत घेतली, ती ऑक्झेंडननेच लिहून ठेवली आहे: हे कोकणच्या फार जुन्या रिवाजाविरुद्ध आहे, आणि तुम्हाला सवलत दिली की फ्रेंच, डचही मागतील. व्यापारी डावपेच म्हणून उत्तर चोखच होतं. (डहाणूचा भाग तेव्हा पोर्तुगिजांकडे होता, मराठ्यांकडे तो १७३९ मध्ये आला.)

हा रिवाज फक्त कोकणातला नव्हता. आंध्रच्या मोटुपल्ली बंदरात काकतीय राजा गणपतिदेवाचा १२४४ च्या सुमाराचा शिलालेख आहे. आधीचे राजे वादळात सापडलेल्या जहाजांचा सगळा माल जप्त करायचे, आपण फक्त ठरलेली जकात घेऊ, असं त्यात त्याने जाहीर केलंय. व्यापारी परत यावेत म्हणून, हे उघड आहे.

आज काय? सातबारा समुद्रात जात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे भरतीच्या रेषेखालचा समुद्रतळ सरकारचा. वाहून आलेल्या मालासाठी १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने ‘रिसीव्हर ऑफ रेक’ हा अधिकारी ठेवला. वस्तू सापडली की त्याच्याकडे द्यायची आणि मूळ मालकाने वर्षभरात दावा सांगायचा. २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. शिवाय कस्टम्स कायद्याच्या कलम २१ नुसार असा माल आयात केल्यासारखाच धरला जातो. म्हणजे टीव्हीचा खोका घरी नेला, तर प्रकरण कस्टमपर्यंत जाऊ शकतं.

माल वाचवणाऱ्याला मोबदला मागता येतो, पण तो मेहनतीचा. समोर वाडी आहे म्हणून काही मिळत नाही.

जमिनीत पुरलेल्या धनाचं मात्र वेगळं आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते बेवारस ठरलं आणि आपसात वेगळा करार नसेल, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश मिळतं.