न्यू फॉरेस्ट

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतचे प्राचीन राखीव वन व राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सु. ५६६ चौ. किमी. त्याचा बहुतेक भाग हँपशर परगण्यात, थोडा विल्टशरमध्ये आहे. पूर्वेस साउथहॅम्प्टन हे बंदर. लिंडहर्स्ट व ब्रॉकनहर्स्ट ही येथील प्रमुख गावे. ओक, बीच व हॉलीची जुनी चराऊ वने, हेदर व गॉर्सच्या झुडपांनी भरलेले निकस, आम्लधर्मी मातीचे माळ (हीथ) आणि त्यांच्या सखल भागांतील दलदली हे सारे येथे एकमेकांना लागून आहे. इंग्लंडमधील सखल प्रदेशातले हीथ १८०० पासून नांगरटीखाली, लागवडीच्या वनांखाली आणि वस्तीखाली गेले. पाचांतील चार हिस्से तरी नाहीसे झाले. उरलेल्यांत न्यू फॉरेस्टचा वाटा फार मोठा आहे. पाणथळींसाठीच्या रामसर करारातही त्याची नोंद आहे.

नॉर्मन राजा पहिला विल्यम याने सु. १०७९ मध्ये हा मुलूख हरणांच्या शिकारीसाठी राखून ठेवला. हरणांना अडथळा होऊ नये म्हणून रहिवाशांना कुंपणे घालण्यास मनाई झाली. मात्र उघड्या रानात जनावरे चारण्याचे त्यांचे हक्क चालत राहिले. हे हक्क असलेल्यांना ‘कॉमनर’ म्हणतात. पुढे राजाला शिकारीपेक्षा लाकडाची गरज अधिक भासू लागली. १६९८ च्या कायद्याने आरमारासाठी ओक वाढवायला ६,००० एकर कुंपणबंद करण्याची मुभा दिली. ब्रिटिश नौसेनानी नेल्सनने पुढे ज्याचे नेतृत्व केले, ते ‘अगामेम्नॉन’ हे जहाज येथल्याच ओकपासून बकलर्स हार्ड येथे बांधले गेले आणि १७८१ मध्ये पाण्यात उतरले. १८५१ च्या कायद्याने हरणे हटवून आणखी १०,००० एकरांवर लागवड करण्याचा अधिकार सरकारला मिळाला, तेव्हा सगळे माळ झाडांखाली जाण्याची वेळ आली. कॉमनरांनी निकराचा विरोध केला. त्यातून आलेल्या १८७७ च्या कायद्याने नवी कुंपणे थांबवली आणि रानाचे नियम सांभाळणाऱ्या जुन्या ‘व्हर्डरर’ न्यायासनात कॉमनरांनी निवडलेले सदस्य आणले. आज येथे जे दुर्मिळ जीव दिसतात, त्यांच्या टिकण्यात या कायद्याचा वाटा २००५ मध्ये मिळालेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या दर्जापेक्षा मोठा मानावा लागेल.

व्हर्डररांचे न्यायासन आजही लिंडहर्स्टच्या क्वीन्स हाउसमध्ये भरते. त्यांच्या हाताखालचे ‘ॲजिस्टर’ घोड्यावरून फिरून जनावरांवर नजर ठेवतात. चराईची फी भरलेल्या तट्टांच्या शेपटीचे केस ते आपापल्या हद्दीच्या ठरावीक आकारात कापतात. सरकारी मालकीच्या जमिनीची व्यवस्था मात्र फॉरेस्ट्री इंग्लंड या वनसंस्थेकडे आहे. रानात तट्टे, गाई व गाढवे मोकळी फिरतात. शरद ऋतूत ओकची फळे पडू लागली की काही आठवडे डुकरे सोडली जातात. हिरवी फळे तट्टांना विषारी असतात, डुकरे ती मजेत फस्त करतात.

चराई थांबली तर माळावर काही वर्षांतच बर्च व पाइनची रोपे उठतात, हेदरवर सावली पडते आणि हीथ संपते. कॉलिन टब्ज या निसर्गअभ्यासकाने १९६८ मधील आपल्या ग्रंथात या रानाचा इतिहास पशुपालनाशी जोडून मांडला. त्याच्या म्हणण्याची साक्ष लहान लहान जीव देतात. स्मॉल फ्लीबेन ही सूर्यफूल कुलातील इवलीशी वनस्पती हिवाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या आणि उन्हाळ्यात जनावरांनी तुडवलेल्या तळ्याकाठीच उगवते. गावाजवळचे चिखलाचे डबके कोणी ‘सुशोभित’ केले, तर ती गेलीच. सदर्न डॅमसलफ्लाय ही निळी टाचणी उथळ, उघड्या ओहोळांवर जगते. काठचे गवत खाल्ले गेले नाही, तर ओहोळ झाकले जातात. रानटी ग्लॅडिओलस ब्रिटनमध्ये आज येथेच आढळतो; तो ब्रॅकन नेच्याच्या आडोशाला तट्टांच्या तोंडून वाचतो.

डार्टफर्ड वॉर्ब्लर हा लांब शेपटीचा वटवट्या गॉर्सच्या काट्यांत राहतो आणि थंडीतही स्थलांतर करत नाही. १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यानंतर ब्रिटनमध्ये त्याच्या जेमतेम डझनभर जोड्या उरल्या होत्या. त्यांतूनच तो पुन्हा पसरला, म्हणून थोडे का होईना, पण चांगले हीथ शिल्लक असण्याचे मोल कळते. आपल्याकडील रातव्याचा युरोपीय भाईबंद, वुडलार्क हा चंडोल आणि टिटवी हे जमिनीवर घरटी करतात. ब्रिटनमधील सहाही देशी सरपटणारे प्राणी येथे आहेत. त्यांपैकी सँड लिझर्ड हा सरडा येथून नाहीसा झाला होता. बंदिस्त पैदास करून तो पुन्हा सोडला गेला. ब्रिटनमधील एकमेव देशी सिकाडा हा कीटक मात्र १९९० च्या दशकानंतर खात्रीने कोणाला आढळलेला नाही. त्याचा आवाज इतका उंच पट्टीचा असतो, की पुष्कळ प्रौढांना तो ऐकूच येत नाही. साउथहॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये तो टिपणारे मोबाइल ॲप तयार केले होते. आता स्लोव्हेनियातून हे कीटक आणून त्यांना येथे पुन्हा वसवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

संवर्धनाच्या उपायांत आगही आहे. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या परवानगीच्या काळात हेदर व गॉर्सचे ठरावीक पट्टे जाळले जातात. कोवळे फुटवे तट्टांना चरायला मिळतात. मात्र स्मूथ स्नेक या दुर्मिळ सापाला जुने, दाट हेदर लागते, म्हणून पट्टे लहान ठेवावे लागतात आणि दरवर्षी जागा बदलाव्या लागतात. दुसरे काम पाण्याचे. पूर्वी लागवडीसाठी दलदलींतून सरळ चर खणून ओढे ताठ केले गेले होते. ते बुजवून ओढ्यांना जुन्या वळणांवर परत नेले जात आहे. काही स्थानिकांचा त्याला विरोध आहे. जनावरांची संख्या जास्त झाली आहे, असेही काही वनस्पतीतज्ज्ञांचे मत आहे. किती जनावरे योग्य, हा वाद अभ्यासाचा आहे; चराई हवी, यात शंका नाही.

आजचा मोठा भार माणसांच्या वर्दळीचा आहे. दरवर्षी जनावरे वाहनांखाली मरतात. २०२३ पासून येथे आग पेटवणे, बार्बेक्यू करणे आणि तट्टांना खायला घालणे यांवर दंडासह बंदी आहे. मार्च ते जुलै या घरट्यांच्या काळात पायवाट सोडू नये व कुत्र्याला वाटेवरच ठेवावे, असे सांगितले जाते. इंग्लंडात आप्तांकडे जाणाऱ्या मराठी पाहुण्यांनीही हे कटाक्षाने पाळावे.

ही जनावरे कॉमनरांची. त्यांच्या तट्टांच्या शिंगरांना बाजारात किंमत थोडी मिळते, तर घरांच्या किमती सुट्टीपुरते येणाऱ्या श्रीमंतांनी आकाशाला भिडवल्या आहेत. कॉमनरांची तरुण पिढी रानाजवळ राहू शकली नाही, तर जनावरे पाहणार कोण? २०१० पासूनचे चराईचे अनुदान आणि कॉमनरांसाठी घरबांधणीची सवलत योजना यांचा त्यामुळे येथील पक्षी-सापांशी थेट संबंध आहे. न्यू फॉरेस्टच्या संवर्धनासाठी पुढील खर्च करताना पहिला पैसा या घरांवर जायला हवा.